सात कागदांतली सवत

२१ सप्टेंबर १९५७

आले एकदाची सासरी! क्योतोहून आगगाडीनं तीन तास, पुढे बसनं दीड, आणि शेवटचा चढ बैलगाडीत, माझ्याच पेटीवर बसून. गाव दिसल्याबरोबर मी केस सारखे केले, ओठ रंगवले, निळ्या किमोनोच्या चुण्या मोडल्या. नवी नवरी येणार म्हटल्यावर गाव बघायला लोटणारच, असा माझा हिशेब.

लोटलं कुणीच नाही. गाडी मागून, मुळ्याच्या वाफ्यांतून आत घेतली. मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, ठेंगण्या, कमरेत वाकलेल्या, डोळे मात्र हसरे. मी नमस्काराला वाकते न वाकते तोच त्यांनी चुलीची काजळी दोन बोटांवर घेतली आणि माझ्या दोन्ही गालांना फासली! मग नाकाच्या शेंड्यालाही. हे शेजारी उभे राहून खुशाल हसत होते. (हे म्हणजे माझे नवरोजी, तोकुझो. वहीत दर वेळी नाव कशाला लिहू?) म्हणाले, इथली रीतच आहे, अळंब्यांचा हंगाम संपेपर्यंत नव्या नवरीनं नटायचं नाही. मलाही हसू आलं. आरशात बघितलं तर विदूषक.

घर लहान आहे पण लख्ख. समोरच्या ओसरीतून सगळा डोंगर दिसतो, तांबड्या खोडाच्या पाइन वृक्षांनी भरलेला. माझी खोली मागच्या अंगाला. जेवायला जवमिश्रित भात, मिसोचं सार आणि खारवलेला बांगडा होता. सासूबाईंनी पोटाकडचा मऊ तुकडा माझ्या वाडग्यात टाकला.

मी सुखी आहे, हे इथं लिहून ठेवते. क्योतोच्या ज्या खाणावळीत मी वाढायचं काम करत होते, तिथे हे दर शरदात मात्सुताके अळंब्यांच्या करंड्या पोचवायला यायचे. तिसऱ्या वर्षी नेच्याच्या पानात गुंडाळून एक अळंबी गुपचूप माझ्या हातात ठेवली. माझ्याबरोबर वाढणाऱ्या त्या हारुयोचाही त्यांच्यावर डोळा होता. सासूबाई म्हणत होत्या, लग्न हंगामानंतर करू. मी हट्टच धरला, आत्ताच. दोन महिन्यांत हारुयोनं काय काय केलं असतं कुणी सांगावं.

२४ सप्टेंबर

सासूबाईंचं गणित मला सुटत नाही. घरात माझे पाय शेकोटीकडे ओढून घेतात, थंडी वाजते का विचारतात. पण कुणी भेटायला आलं की त्याला ओसरीवर डोंगराकडे तोंड करून बसवतात आणि खणखणीत आवाजात सुरू! "काय सांगू बाई, सून म्हणजे नुसतं ध्यान! नाक बसकं, दात पुढे, डोळे वटवाघळाचे. माझ्या पोराचं नशीबच फुटकं!" येणारेही मान डोलावतात, अरेरे म्हणतात. मी आतून ऐकते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. क्योतोत मला कुणी कुरूप म्हटलं नव्हतं. पाहुणे खास माझ्या टेबलावर बसायला यायचे.

आणखी नियम ऐका. ओसरीवर बसून केस विंचरायचे नाहीत. रंगीत कपडे परसदारी वाळत घालायचे. आणि हंगामात बाईनं डोंगरावर पाऊल टाकायचं नाही. का, विचारलं तर सासूबाई नजरेनंच डोंगर दाखवतात आणि म्हणतात, सगळं सांगीन हंगाम सरल्यावर, आत्ता बोलायचं नसतं.

यांना सांगितलं, तुमची आई माझी गावभर बदनामी करते आहे. तर म्हणाले, बदनामी कसली, लाड आहेत ते. लाड!

२९ सप्टेंबर

हंगामातलं पहिलं मात्सुताके आज घरी आलं. आधी वास आला, मग हे आले. पाइनची राळ, दालचिनी आणि ओली माती एकत्र केली तर जवळपास तसा वास होईल. सासूबाईंनी ते सुरीनं कापू दिलं नाही. लोखंड लावायचं नाही, हातानं उभं फाडायचं. निखाऱ्यावर भाजून वर आंबट लिंबू पिळलं. मी डोळे मिटून खाल्लं.

आज हे खुशीत होते, बोलत होते. वर्षभर दाताळं घेऊन झाडांखालची सुयांसारखी पानं ओढून काढायची, जमीन उघडी ठेवायची, तेव्हा कुठे ही अळंबी येते. पानं फार साचली तर रुसून निघून जाते ती कायमची. वर आलेली दिसली तर उशीर झालेला असतो. पानांखाली जरासा फुगवटा असतो, तो तळव्यानं चाचपून शोधायचा. काढल्यावर खड्डा मातीनं बुजवून वर सुया पसरायच्या, म्हणजे कुणाला सुगावा लागत नाही. मी म्हटलं, तुमची जागा आहे तरी कुठे? तर हे हसले आणि उठून गेले.

नंतर सासूबाईंनी समजावलं. जागा बाप मुलाला सांगतो, तीही मरायला टेकल्यावर. बायकोला कधीच नाही. सासूबाईंना सदतीस वर्षांच्या संसारात कळली नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं! बायको म्हणून आले, आणि नवऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात लाडकी जागा मला परकी?

आणखी एक. आजपासून हंगाम संपेपर्यंत यांचं अंथरूण वेगळ्या खोलीत.

२ ऑक्टोबर

मी सगळं बारकाईनं बघते आहे. माझा स्वभावच तसा. क्योतोत मैत्रिणी मला पोलीस म्हणायच्या.

सकाळी हे गार पाण्यानं अंघोळ करतात. दाढी करतात, रोज! लग्नाच्या दिवशीसुद्धा हनुवटीवर चार खुंट राहिले होते, ते मला आठवतात. धुतलेला सदरा घालतात. डोंगराच्या पायथ्याशी पोचले की गाणं म्हणायला लागतात. मी परसातून ऐकते. गोड गळा आहे. घरात हा माणूस साधी शीळ घालत नाही.

दुपारी परत येतात ते कुठल्याशा धुंदीत. विचारलं कुठे गेला होतात, तर म्हणतात, तिच्याकडे. सगळं गाव तसंच म्हणतं. आज ती खुशीत आहे, आज ती रागात आहे, तिनं काल भरभरून दिलं. डोंगराला ती म्हणायची पद्धत आहे, हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि जळणं वेगळं.

आणि सदऱ्याच्या आत, छातीशी, एक चपटी पुडी असते. अंघोळीला जातानाच तेवढी बाहेर खुंटीवर अडकवतात. मी जवळ गेले तर म्हणाले, त्याला हात लावू नकोस. हसून म्हणाले, पण म्हणाले.

पुडीत काय असेल? केस? पत्र?

५ ऑक्टोबर

उघडली. हे न्हाणीघरात होते तेवढ्यात.

हातकागदाचे पदर, एकावर एक. सुटे करत गेले. सात कागद निघाले. एकेक घडी लक्षात ठेवत होते, परत तशीच घालायची म्हणून. सातव्याच्या आत एक वाळलेला मासा! वीतभरसुद्धा नाही. डोकंच सगळं, अंगभर चामखिळी, वर वळलेला जबडा, डोळ्यांच्या जागी खळगे. इतकं विद्रूप काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला इतकं हसू फुटलं की किमोनोची बाही तोंडात कोंबावी लागली.

मग किनुएमावशींकडे धावले. शेजारच्या त्या, तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही अशा. त्यांनी मला डोंगराच्या विरुद्ध बाजूला, गोठ्यामागे ओढलं आणि कुजबुजत सांगितलं. डोंगरदेवी दिसायला फार कुरूप आहे म्हणे, आणि तितकीच मत्सरी. बाईमाणूस तिला खपत नाही. म्हणून पुरुष तो मासा छातीशी नेतात. आपल्याहून कुरूप कुणीतरी आहे म्हटल्यावर ती खुलते आणि हात सैल सोडते. पण पुडी उघडायची नाही. उद्या दाखवीन, परवा दाखवीन, असं म्हणत तिला झुलवायचं. तुझ्या नवऱ्याची पुडी त्याच्या बापानं बांधलेली आहे, सात पदरी. आतला मासा तुझ्या नवऱ्यानंसुद्धा पाहिलेला नाही. वर डोळा मारून म्हणाल्या, "अगं, त्या अळंबीचा आकार बघ की, तिला पुरुषाचंच वेड! तुझा देखणा आहे, सांभाळ बाई!"

मावशी खदाखदा हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत माझं हसू आटलं होतं. म्हणजे माझी सवत आहेच. तिच्यासाठी दाढी, तिच्यासाठी गाणं. आणि तिचं मन राखायला माझा नवरा माशाचं थोबाड काळजाशी घेऊन फिरतो. माझा चेहरा कुठेच नाही. माझ्या चेहऱ्याला काजळी!

७ ऑक्टोबर

केलं. पस्तावा नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात क्योतोत काढलेला माझा फोटो पेटीत होता. केसांत फुलं, ओठांना फोटोवाल्यानं हातानं लाल रंग दिलेला. पुडीत मावेना म्हणून कात्रीनं खांद्यापासून वर तेवढा कापला. सात कागदांत घडीवर घडी घालून पुडी होती तशी खुंटीला लावली.

मासा मांजरापुढे टाकला. मांजर फिस्कारून पळालं. मग चुलीत घातला. बराच वेळ जळला नाही, नुसता तडतडत राहिला. सासूबाई भातकापणीला गेल्या होत्या म्हणून निभावलं.

बघू दे तिला. हा माणूस कुणाचा आहे ते एकदा कळू दे.

८ ऑक्टोबर

आज यांनी तीन करंड्या आणल्या! एवढी अळंबी त्यांच्या वडिलांच्या काळातही निघाली नव्हती म्हणे. सासूबाईंनी कौतुक करायच्या ऐवजी करंड्यांकडे बघत हात चोळले. म्हणाल्या, इतकं ती उगाच देत नाही.

मी मात्र मनातल्या मनात मिरवले. देवी वगैरे काही नसतं, आणि असलीच तर माझा चेहरा बघून दिपली असेल.

यांची अंघोळ चालू असताना पुडी उघडून पाहिली. सहा कागद.

काल सात घातले होते. मोजून घातले होते.

९ ऑक्टोबर

पाच.

हेच उघडून बघत असतील! दुसरं कोण? कळलं त्यांना, आत बायको आहे म्हणून, आणि डोंगरावर एकटे बसून एकेक पदर काढत माझ्याकडे येत आहेत. किती गोड! दिवसभर मी गुणगुणत होते. जेवताना त्यांच्याकडे बघून हसले. ते माझ्याकडे बघून हसले नाहीत. ओसरीतून डोंगराकडे बघत घास चावत होते.

१० ऑक्टोबर

चार. आडून आडून विचारलं. पुडी कधी उघडता का हो? त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. म्हणाले, बापाची गाठ आहे ती, मी मरेन पण उघडणार नाही. हे खोटं बोलत नाहीत. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. आज झाले नाहीत.

मग कोण उघडतंय?

माझ्या खोलीत चटईच्या कडेला पांढरे धागे दिसले, बुरशीसारखे. पुसले. पाइनचा वास येत होता, दालचिनीसारखा.

११ ऑक्टोबर

किनुएमावशी सकाळीच तणतणत आल्या. "एवढं समजावून सांगितलं तरी गेलीसच ना डोंगरावर? आणि तेही नटूनथटून, केसांत फुलं माळून?" त्यांनी खालच्या शेतातून काल दुपारी मला बघितलं म्हणे. मी खोडांमध्ये उभी होते आणि मान वर करून हसत होते. हाक मारली तर उत्तर दिलं नाही.

काल दुपारी मी सासूबाईंबरोबर मुळे धूत होते. सासूबाईंनीच तसं सांगितलं. मावशी मागे सरकल्या. जाताना मला शिवल्यासुद्धा नाहीत.

केसांत फुलं फक्त त्या फोटोत होती.

तीन कागद.

१२ ऑक्टोबर

हे आज गात गात घरी आले. घरात! माझ्याकडे बघून म्हणाले, अगं, तू पुढे कशी पोचलीस? वळणापर्यंत तर आपण बरोबरच होतो.

मी घरातून बाहेरच पडले नव्हते. ते बोलतच राहिले. म्हणाले, आईला सांगू नकोस. बायकोला सांगायची रीत नाही, पण तू इतक्या लाघवीपणानं मागितलीस की मला राहवलं नाही. सगळी जागा दाखवली तुला, तिसऱ्या ओढ्यामागची, बापानं मरताना सांगितलेली. आपण दोघांनी मिळून चाचपली, तुझा हात किती गार होता, फुसाए.

फुसाए म्हणजे मी. जी जागा मी मागितली तेव्हा हे उठून गेले होते, ती त्यांनी माझ्या नावाच्या कुणाला तरी दाखवली. लिहायला लाज वाटते, पण भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. माझंच तोंड, माझंच नाव, आणि सुख तिला!

न्हाणीघराबाहेर पुडी ओढून काढली. दोन कागद राहिले होते. फोटो बाहेर घेतला. चेहऱ्याच्या जागी पांढऱ्या धाग्यांचं जाळं, कोळिष्टकासारखं. नखानं खरवडलं. खाली कोरा पुठ्ठा. फुलं आहेत, केस आहेत, मधला चेहरा नाही.

फोटो चुलीत टाकला. मोकळी पुडी परत लावायला गेले तर जड लागली. उघडून पाहिली. फोटो आतच होता.

१३ ऑक्टोबर

सकाळी आरसा—

गाल ताठर झाले आहेत. त्यांवर बारीक फोड आहेत, चामखिळींसारखे. खालचा ओठ पुढे आला आहे. काजळी नाही ही. घासून घासून पाहिलं.

सासूबाईंच्या पाया पडले, सगळं सांगितलं. त्यांनी मला उठवून बसवलं. म्हणाल्या, "अगं पोरी, मी गावभर तुला कुरूप म्हणत फिरले ती काय मला हौस होती? तिच्या कानावर पडावं म्हणून घसा फोडत होते! हंगामानंतर लग्न करा म्हणत होते ते याचसाठी!" आणि मग माझ्या ताठरलेल्या गालांवरून हात फिरवत रडल्या. तिनं आता माझ्या पोराचा हात धरला आहे, म्हणाल्या. शेवटचा कागद सुटला की ती त्याला सोडायची नाही.

नवा मासा हवा. तो बंदरावरच मिळतो. सासूबाई आठच्या बसनं गेल्या. उद्या दुपारपर्यंत येते म्हणाल्या. तोवर त्याला अडव.

अडवलं. दारात आडवी पडले. यांनी मला ओलांडलं. दाढी केली होती. खाली बघून म्हणाले, ही बाई कोण आहे?

१३ ऑक्टोबर, दुपार

माझ्या किमोनोच्या बाह्या लोंबतात. खडावा पायातून निसटतात. फडताळातला भाताचा डबा काढायला गेले तर हात पोचला नाही. काल पोचत होता.

ते गात आहेत. ऐकू येतंय. दोन आवाज आहेत.

दुसरा माझा आहे.

१४ ऑक्टोबर

ते परत आले. एकटे नाहीत.

ती समोरच्या दारानं आली, ओसरीवरून, थेट. मी मागच्या खोलीत आहे. कागदी दाराच्या फटीतून बघते. निळा किमोनो घातला आहे. माझ्यासारखीच मान वाकडी करून हसते. केस विंचरते आहे, ओसरीवर, डोंगरासमोर! तिला कोण अडवणार? हे शेजारी बसून बघत आहेत. माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

यांच्या हातात पुडी नव्हती, शेवटचा कागदही सुटला असणार. सदरा सपाट होता.

मी ओरडले. घशातून आवाज आला नाही, नुसता जबडा उघडला. मिटत नाही आता.

दुपार झाली. बस आली नाही अजून—

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी सासूबाई आल्या. मागच्या दारानं, वाफ्यांतून. हात रिकामे. सारं बंदर पालथं घातलं, मासा मिळाला नाही. वादळानं आठ दिवस होड्याच गेल्या नाहीत.

ओसरीवरून हसणं येत होतं. त्यांनी फटीतून बघितलं. मुलाकडे बघितलं. त्याच्या बोटांवर पांढरे धागे चढले आहेत, मनगटापर्यंत. मग माझ्याकडे वळल्या.

बराच वेळ बघत राहिल्या. माझा जबडा, माझ्या चामखिळी, माझे डोळे. मी आता त्यांच्या गुडघ्यापर्यंतही येत नाही.

मला कळलं. त्यांच्या आधी कळलं की काय—

नको आई. म्हणायचं होतं. जबडा—

त्यांनी फडताळ उघडलं. हातकागदाची चवड काढली. रडत आहेत. बोटांनी मोजत आहेत.

पेन्सिल माझ्याएवढी झाली आहे. दोन्ही हातांनी धरून—

म्हणाल्या, "माफ कर पोरी, मला एकच मुलगा आहे." म्हणाल्या, ती तुला बघेल आणि खुशीनं वर जाईल परत. तोकुझो घरी राहील. म्हणाल्या, तुला त्याच्या छातीशी ठेवीन, दुसरीकडे कुठे नाही, रोज—

छातीशी. मला तेवढंच तर—

म्हणजे तो रोज तिच्याकडे गेला तरी मध्ये मी. मीच मध्ये. तिला कधी पूर्ण मिळणार नाही. बघ ग सवती—

पहिला कागद. मऊ आहे. अजून पानाची एक कड दिसते, तोवर लि—

चार. पाच. वास येतोय दालचि—

त्यांचा हात. गरम. धडधड ऐकू येते, एवढ्या जवळून कधी—

तो विचारतोय, आई, यात काय आहे? आई म्हणतात, उघडू नकोस, कधीच उघ